आघाड्याचे काटे, दुर्वेची पेरे

पूजेत, व्रतांत आणि घरगुती तोडग्यांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील प्रश्नापुरता भाग येथे घेतला आहे.

प्रश्न : आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान चालू असतानाच आघाड्याची फांदी अंगावरून तीन वेळा फिरवतात. सासूबाई म्हणतात, त्याने वर्षाची पीडा जाते. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या, कुणी लावत नाही अशा या तणाला हा मान कसा मिळाला? – एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात आहेच, पण त्याआधी ते त्या झाडावर आहे, म्हणून प्रथम झाडाकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास आघाड्याचा तुरा हातभर लांब झालेला असतो. त्याच्या टोकाशी असलेली बारीक हिरवट फुले आडवी पसरलेली दिसतात. पण जसजसे फळ धरते तसतसे ते मान टाकते आणि अखेरीस देठाला चिकटून जमिनीकडे टोक करून बसते. तुऱ्यावरून वरून खाली हात फिरवला तर तो सहज निसटतो. खालून वर फिरवला की सगळी टोके बोटांत रुततात. बांधावरून चालून आलेल्या माणसाच्या धोतराला किंवा लुगड्याच्या काठाला हीच फळे ओळीने चिकटतात आणि घरी येऊन एकेक उपटून काढावी लागतात.

अथर्ववेदाने आघाड्याची नेमकी हीच खूण टिपली आहे. त्याच्या चौथ्या कांडात सतरा ते एकोणीस ही लागोपाठ तीन सूक्ते अपामार्गाला, म्हणजे आघाड्याला, उद्देशून आहेत आणि सातव्या कांडात त्याला ‘प्रतीचीनफल’, म्हणजे ज्याची फळे उलटी वळलेली आहेत असा, म्हटले आहे. ज्याची फळे मागे वळतात तो दुसऱ्याने दिलेला शापही मागे वळवील, अशी त्या ऋषीची प्रार्थना आहे. अपामार्ग हे नावही ‘पुसून टाकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेले आहे, आणि ‘अपामार्ग त्वया वयं सर्वं तदप मृज्महे’, म्हणजे ‘अपामार्गा, तुझ्या साहाय्याने आम्ही ते सर्व पुसून टाकतो’, असे सूक्तकार त्या नावावरच बोट ठेवून म्हणतो. भूक, तहान, दुःस्वप्न, दुसऱ्याने केलेली करणी अशी त्या काळच्या माणसाला छळणारी सगळी संकटे या सूक्तांत आली आहेत.

नरकचतुर्दशीच्या विधीत आघाड्याबरोबर नांगराच्या तासातले मातीचे ढेकूळ घेण्यास सांगितले आहे, आणि त्या वेळी म्हणावयाच्या श्लोकात ‘काट्यापानांसह असलेल्या अपामार्गा, पुन्हा पुन्हा फिरवला जात असता तू माझे पाप हरण कर’ अशी विनवणी आहे. या श्लोकातील ‘सीता’ या शब्दाचा अर्थ नांगराचा तास असा आहे. खरीप नुकताच हाती आलेला, तासातली माती भुसभुशीत, आणि बांधावरचा आघाडा काट्यांवर आलेला, अशा त्या आठवड्यातल्या शेतातूनच हा विधी उचललेला आहे. शहरात कुंडीतल्या मातीचा खडा आणि बाजारातली कोवळी फांदी घेऊन तो होतो, त्याला माझी हरकत नाही. मात्र फांदीवर काटे आलेले असावेत, कारण श्लोकात ज्याला हाक मारली आहे तो काटेरी आघाडा आहे.

येथे आपल्या घरातली आणखी एक गोष्ट आठवून पाहावी. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या कागदाला आघाडा आणि दूर्वा यांची माळ घालतात, तेव्हा आघाडा कोवळा असतो, इतका की त्याच्या पानांची भाजी करतात. भाद्रपदात ऋषिपंचमीला त्याच्या काड्यांनी दात घासतात, तेव्हा त्याचे खोड टणक झालेले असते. आश्विनात तो काट्यांवर येतो आणि अंगावरून फिरवला जातो. लेकरांच्या रक्षणासाठी कोवळा, शुद्धीसाठी निबर आणि पीडा परतवण्यासाठी काटेरी, अशा एकाच झाडाच्या तीन वयांना आपल्या आज्ज्यापणज्यांनी तीन कामे नेमून दिली. हे ज्यांनी ठरवले त्यांनी ते झाड श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज पाहिलेले असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पीडा खरोखर जाते का, हा आपल्या पत्रातला न विचारलेला प्रश्नही मला दिसतो. आजार आघाड्याने परतत नाही. त्यासाठी वैद्य किंवा डॉक्टर आहेत. वर्षभरात मनाला जे काही चिकटले ते आज झाडून टाकायचे, असे घरातल्या प्रत्येकाने पहाटेच्या अंधारात, उटण्याच्या वासात, सासूबाईंच्या हातून अनुभवावे, हे काम मात्र आघाडा करतो, आणि ते मी लहान मानत नाही.

प्रश्न : मी सून म्हणून ह्यूस्टनला आले त्याला सहा वर्षे झाली. गणपतीत एकवीस पत्री सोडाच, दूर्वाही मिळत नाहीत. आईने वाळवून पाठवते म्हटले, पण विमानतळावर अडवतील अशी भीती वाटते. प्लास्टिकच्या दूर्वा वाहिल्या तर चालतील का? – एक वाचक, ह्यूस्टन, अमेरिका

उत्तर : आईंना काही पाठवू नका असे कळवा. झाडपाला नेण्यावर तेथे निर्बंध आहेत, आणि दुसरे कारण असे की, दूर्वा बहुधा आपल्या दारातच आहे. ज्या गवताला तेथे बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि जे टेक्सासमधल्या अंगणांत, रस्त्याकडेला व मैदानांत सर्रास आढळते ते सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली दूर्वा होय. खाली बसून एक काडी उचलून पाहावी. ती जमिनीला धरून सरपटत गेलेली असेल, तिच्या प्रत्येक पेराला खाली मुळे आणि वर कोंब फुटलेला असेल आणि तुऱ्यावर आली असेल तर टोकाशी पक्ष्याच्या पायासारख्या तीन ते सहा बारीक बोटांची नक्षी असेल. पूजेसाठी तुरा न आलेली, तीन किंवा पाच पात्यांची कोवळी अग्रे खुडावीत. ज्या हिरवळीवर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले जाते तेथील दूर्वा घेऊ नये. शेजाऱ्यांना विचारून घ्यावे.

प्लास्टिकची दूर्वा मात्र वाहू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सोवळ्याओवळ्यातून आलेले नाही. दूर्वेचा मंत्र ‘काण्डात् काण्डात् प्ररोहन्ती परुषः परुषस्परि’ असा आहे: कांड्याकांड्यातून आणि पेरापेरातून उगवणाऱ्या दूर्वे, तशीच तू आम्हाला शंभरपटीने, हजारपटीने वाढव. जे पेरातून उगवत नाही त्याला हा मंत्र म्हणायचा तरी कसा? आमच्याकडे शेतकरी याच गवताला हरळी म्हणतो आणि तिच्यापुढे हात टेकतो. काळ्या जमिनीत हरळी शिरली की ती खणून, वेचून, उन्हात वाळवून काढावी लागते, आणि वीतभर तुकडा मातीत राहिला तरी पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवे होते. कुदळीपुढे जी चिवट ठरते, तीच देवघरात आली की वंशवृद्धीची आणि न संपणाऱ्या आयुष्याची खूण होते. एकाच गवताला माणसाने एका हाताने उपटले आणि दुसऱ्या हाताने देवाच्या मस्तकी वाहिले, आणि या दोन्ही कृतींमागे त्याच्या एकाच गुणाची ओळख आहे.

गणपतीशी तिचे नाते सांगणारी अनलासुराची कथा आपण ऐकली असेलच. अग्नीसारख्या त्या असुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह होऊ लागला, आणि चंद्र, कमळ, नाग असे सगळे उपाय थकल्यावर अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या तेव्हा तो शमला. उन्हाळ्यात वाळून करडी झालेली आणि पावसाच्या पहिल्या सरीत गार हिरवी झालेली हरळी ज्याने पाहिली आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

राहता राहिली एकवीस पत्री. त्या यादीत माका, डोरली, विष्णुक्रांता अशी बांधावरची झाडे आहेत, तशी हिमालयातला देवदारही आहे. पुण्यामुंबईच्या बाजारात देवदार म्हणून जे पान मिळते ते पुष्कळदा दुसऱ्याच झाडाचे असते. जे मिळत नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अशी सोय पूजाविधीतच आहे. आपण दूर्वांची जुडी, दारातले एखादे फूल आणि बाकीच्या नावांना अक्षता वाहून प्रत्येक नाव मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. निदान ती एकवीस नावे तरी त्यांच्या कानांवर राहतील.

प्रश्न : मी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करतो. गेल्या महिन्यात माळ ओवताना डोळा चोळला गेला आणि तो दोन दिवस लाल होता. हा काही दोष आहे का? शिवाय पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती आपोआप तयार होतो, हे खरे का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : दोष नाही, चीक आहे. रुईचे पान खुडताच देठातून जो पांढरा चीक गळतो तो डोळ्याच्या बुबुळाला इजा करतो, आणि कधी कधी सुरुवातीला फारसे दुखत नसल्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. पुन्हा असे झाले तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. पाने आदल्या संध्याकाळी खुडून, देठ खाली करून चीक गळू द्यावा, ती धुऊन ठेवावीत आणि माळ झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

रुईला अर्क म्हणतात आणि अर्क हे सूर्याचेही नाव आहे. नवग्रहांच्या समिधांत सूर्याला रुई, बुधाला आघाडा आणि शनीला शमी दिलेली आहे, आणि रथसप्तमीला रुईची सात पाने अंगावर ठेवून स्नान करतात. एप्रिल-मे महिन्यांत माळावर सगळे होरपळलेले असताना हे एक झुडूप पानाफुलांनी भरलेले असते. सूर्याने ज्याला जाळले नाही ते सूर्याचे झाड, हा विचार सरळ आहे. मुळात गणपती मात्र आपोआप तयार होत नाही. रुईचे मूळ जाड आणि वेडेवाकडे असते, त्यात सोंडेसारखा आकार कधी सापडतो, आणि बाजारात येणाऱ्या पुष्कळ मूर्ती चाकूने कोरलेल्या असतात. एका मुळासाठी आख्खे झुडूप खणले जाते, म्हणून ते विकत घेऊ नये अशी माझी विनंती आहे.

याच अनुषंगाने सर्वच वाचकांसाठी एक सूचना. पत्रीत रुईबरोबर धोतरा आणि कण्हेर हेही आहेत आणि तिन्ही विषारी आहेत. हलाहल पचवणाऱ्या शंकराला धोतरा वाहतात, कारण विष त्याच्यापाशीच ठेवावे असा त्यामागचा भाव आहे. त्यामुळे निर्माल्य गाईला किंवा शेळीला घालू नये आणि धोतऱ्याचे काटेरी फळ लहान मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. गौरीचे हात म्हणून कोकणात ज्या कळलावीच्या फुलांचा मान आहे तिचा कंद तर जिवावर बेततो. पूजेत स्थान आहे म्हणून ती वनस्पती खाण्याजोगी किंवा औषध म्हणून घेण्याजोगी आहे, असा अर्थ कोणीही काढू नये.

प्रश्न : मुलाच्या व्यवसायात सतत खोट येत होती, म्हणून मी ‘हत्ताजोडी’ नावाची दुर्मीळ वनस्पतीची मुळी इंटरनेटवरून मागवली. शेंदूर आणि लवंगांसह चांदीच्या डबीत आली. दोन जोडलेल्या हातांसारखी दिसते. फरक काहीच पडला नाही, आणि आता जावई म्हणतात की ती वनस्पती नाहीच. मला फार अस्वस्थ वाटते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले जावई बरोबर सांगत आहेत. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण आपण ते श्रद्धेने, मुलाच्या काळजीपोटी घेतले. हत्ताजोडी म्हणून जे विकले जाते ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. सरड्यांच्या व सापांच्या कुळात हे इंद्रिय जोडीने असते, म्हणून वाळल्यावर ते मुठी मिटलेल्या दोन हातांसारखे दिसते. विंध्याच्या किंवा अमरकंटकाच्या रानातले दुर्मीळ मूळ म्हणून त्याचा व्यापार वर्षानुवर्षे चालला, आणि 2017 साली वन्यजीव संरक्षण करणाऱ्या संस्था व सरकारी यंत्रणा यांनी जप्त मालाची तपासणी करून तो उघडकीस आणला. त्या तपासात असे दिसले की, हा माल केवळ जत्रांतच नव्हे, तर मोठ्या खरेदी संकेतस्थळांवरही विकला जात होता.

घोरपड ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे कायदेशीर संरक्षण आहे ते तिलाही आहे, आणि तिचे अवयव बाळगणे किंवा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. ती डबी फेकू नका, नदीत सोडू नका, कुणाला देऊ नका. आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या आणि मग जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन ती कशी आली हे लेखी कळवून जमा करा. वनविभागाची 1926 ही मदतवाहिनीही आहे. विक्रेत्याचे बिल, संदेश, पाकीट असे जे काही असेल ते जपून ठेवा.

सिंहगडाच्या कथेतल्या यशवंती घोरपडीचे नाव ऐकत आपण मोठे झालो. शेताच्या बांधात राहून उंदीर, खेकडे व किडे खाणारा तो निरुपद्रवी प्राणी आहे. मूळ काढल्याचे सोंग करून या डबीसाठी त्याला जाळ्यात पकडून मारले जाते.

आपल्यासारखी फसगत इतर कुणाची होऊ नये म्हणून एक साधी कसोटी सांगतो. आपल्या परंपरेने ज्या वनस्पतीला मान दिला आहे तिचे पान कसे असते, फूल कोणत्या महिन्यात येते आणि ती कुठे उगवते, हे घरातली किंवा गावातली कुणी तरी वडीलधारी व्यक्ती दाखवू शकते. शमी दाखवता येते, आपटा दाखवता येतो, वेखंडाचा कंद पाण्याकाठी उपटून दाखवता येतो. जिचे पान विक्रेत्याला माहीत नाही, जिचे फूल कुणी पाहिले नाही आणि जी नेहमी दूरच्या रानात अमावास्येच्या रात्रीच सापडते, ती ‘दुर्मीळ वनस्पती’ दारात येऊ देऊ नये. तोडग्याने आजार बरा होईल अशी जाहिरात करणे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि करणी, भानामतीची भीती घालून कोणी पैसे उकळत असेल तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मुलाच्या व्यवसायाचे हिशेब एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत. त्याची खोट तेथेच सापडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : आमच्या सदनिकेत तुळस टिकत नाही. दोन वर्षांत तीन रोपे वाळली. शेजारच्या काकू म्हणतात, तुळस घरावरचे संकट स्वतःवर घेते. मला आता नवे रोप लावायची धास्ती वाटते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : धास्ती बाळगू नये. तुळस हे अल्पायुषी झुडूप आहे. कुंडीत ती दोन-तीन वर्षे राहिली तर पुष्कळ झाले. तिला दिवसातून निदान चार तास थेट ऊन लागते, आणि उत्तरेकडच्या गॅलरीत ते मिळत नाही. आणखी एक कारण म्हणजे रोजचे पाणी. पूजेचा तांब्या रोज कुंडीत ओतला आणि खालचे भोक बुजलेले असले की मुळे कुजतात. मातीत बोट खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी घालावे, आणि पूजेचे पाणी एरवी पळीभरच घालून नमस्कार करावा.

मंजिऱ्यांकडेही पाहावे. त्या तशाच राहू दिल्या की रोप बी धरण्यात आपली शक्ती घालवते आणि खालची पाने गळू लागतात. विष्णूला आणि विठ्ठलाला मंजिऱ्या वाहण्याची जी रीत आहे ती पाळली तर छाटणी आपोआप होते. मात्र द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत, तो नेम आपल्या घरी असेल तर सांभाळावा. त्यामुळे झाडालाही विसावा मिळतो.

तुळशीचा अर्थ संकट झेलणारी असा नाही. एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले की तिच्यावरचा आपला हक्क सुटला, असे आपण बोलण्यातही म्हणतो. मरणाऱ्याच्या मुखात तिचे पान ठेवतात तेही याच भावनेने. ती देणारी आहे आणि सोडायला शिकवणारी आहे. तिच्या वाळण्यातून घराचे भविष्य वाचणे हा तिच्यावर अन्याय आहे.

दोन-तीन मंजिऱ्या झाडावरच तपकिरी होऊ द्याव्यात. तळहातावर चोळल्या की मोहरीपेक्षाही बारीक काळपट बी पडेल. ते ओल्या मातीवर पसरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा; पंधरा दिवसांत रोपे दिसतील, आणि जुनी तुळस जाण्याआधीच तिची लेक कुंडीत उभी असेल. वाळलेले खोड कचऱ्यात टाकू नये. वारकऱ्यांच्या गळ्यातल्या माळेचे मणी याच लाकडाचे असतात. आपल्या रोपाचे खोड बोटाएवढे जाड असेल तर ते सावलीत वाळवून ठेवावे. घरात कुणी माळकरी असेल तर तो ते आनंदाने मागून नेईल.